रविवर्म्यांवर मीम केलं तर चालतं का?

मागच्या आठवड्यात मी घरच्या ग्रुपवर एक मीम टाकलं. राजा रविवर्म्यांची शकुंतला, पायातला काटा काढायच्या निमित्तानं मागं वळून बघणारी. त्यावर लिहिलेलं, 'लास्ट सीन किती वाजताचा, एवढंच बघत होते.' आत्याचा लगेच मेसेज, "देवाधर्माची चित्रं आहेत ती. डिलीट कर."

आत्याचं चुकत नाही. आमच्या ओझरला विघ्नहराच्या देवळाबाहेर फ्रेम विकायला असतात, त्यातली कमळावर उभी लक्ष्मी बघा. शेजारी हत्ती. हे रूप रविवर्म्यांच्या १८९६ च्या चित्रातून घरोघरी गेलं. १८९४ मध्ये त्यांनी घाटकोपरला छापखाना काढला, पुढं तो मळवलीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात आला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, छपाई एकावर एक. राजवाड्यातलं चित्र असं थेट देव्हाऱ्यात पोचलं.

आता माझ्या लाइनचा मुद्दा. १९८५ साली सुसान ब्रेनन या संशोधिकेनं अर्कचित्रं काढणारा प्रोग्रॅम मांडला. लॉजिक साधं आहे. एक सरासरी चेहरा घ्या, खऱ्या चेहऱ्याशी ताडून बघा आणि जिथं फरक दिसेल तिथं तो वाढवा. नाक जरा लांब? अजून लांब करा. हाच स्लायडर उलटा सरकवला की चेहरा गुळगुळीत होतो. महाराजांचं पोट दोन इंच आत घेणारा दरबारी चित्रकार दुसरं काय करतो?

रविवर्म्यांनी खऱ्या माणसांची पोर्ट्रेट्स काढली, त्यात माणूस वेगळा ओळखू येतो. देवी आल्या की स्लायडर शून्यावर! लक्ष्मीचा हत्ती आणि सरस्वतीची वीणा झाकून बघा, कोण कुठली ते सांगा.

रविवर्मा १९०६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी त्यांची पौराणिक पात्रं नाटकी ठरवली. फार कडक बोलले, पण शकुंतलेपुरतं मला पटतं. ती काटा काढतच नाहीये, विंगेत बघतेय. पोझ आधीच एवढी वाढवलेली, की मीमवाल्याला फक्त एक ओळ टाकायची असते.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. शकुंतलेवर हसतो, लक्ष्मीपुढं उदबत्ती लागते म्हणून तिच्यावर नाही, असंही म्हटलं.

आत्या म्हणाली, "अरे, पण दोघींचं तोंड सारखंच आहे की!"