करंगळीच्या नखाएवढं दार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू झाली की बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. त्यातल्या एखादीला चार ओळी रोवताच धाप लागते, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, कोणी दम्याची गोळी आणून देतं. पोटुशी असताना शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि मग एके रात्री तिला आडवं पडताच येत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला, सोनोग्राफीसारखी 'टू-डी इको' तपासणी केली, की खरं दुखणं कळतं: मिट्रल झडप अरुंद झालेली असते.

फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त या दारातून हृदयाच्या डाव्या जवनिकेत जातं. धडधाकट माणसात हे दार चार ते सहा चौरस सेंटीमीटर उघडतं. ते दीडवर आलं की आजार गंभीर समजतात. एकवर आलं तर करंगळीच्या नखाएवढीच वाट उरते. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसांत साचतं. दम त्याचा.

मूळ बहुतेकदा लहानपणच्या घसादुखीत असतं. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो, काही मुलांना त्यानंतर संधिवाताचा ताप येतो, सांधे बरे होतात; झडपेच्या पाकळ्या मात्र वर्षानुवर्षं जाड होत एकमेकींना चिकटतात.

लघवी वाढवणाऱ्या आणि ठोके मंदावणाऱ्या गोळ्यांनी दम कमी होतो, पण चिकटलेली पाकळी गोळीने सुटत नाही. लंडनमध्ये 1925 साली हेन्री सुटार यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात चक्क बोट घालून झडप रुंद केली. ती वाचली, तरी हा मार्ग रुळायला 1948 उजाडलं. पुढे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांच्यासारख्या शल्यविशारदांनी तो वापरला.

आता बोटाचं काम फुगा करतो. जपानच्या कांजी इनोउए यांनी 1984 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात, मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे शिरतात. फुग्याचं पुढचं टोक आधी फुगवून तो मागे ओढतात, झडपेत अडकला की मधली कंबर फुगवतात आणि चिकटलेल्या कडा सुटतात. रुग्ण जागाच असतो, दोन-तीन दिवसांत घरी जातो. गरज पडली तर गरोदरपणीही पोटाला शिशाचं आवरण बांधून हे करतात. मात्र झडप चुन्यासारखी कडक झाली असेल, खूप गळत असेल किंवा डाव्या कप्प्यात गुठळी असेल, तर फुग्याचं काम नाही.

मग झडप बदलायची. धातूची टिकते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली देशी झडप 1990 पासून वापरात आहे. पण तिच्यासोबत रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी 'आयएनआर' तपासणी वरचेवर करावी लागते. श्रावणात घरात रोज तरोट्याची भाजी शिजली आणि एरवी पालेभाजी दिसलीच नाही, तर गोळीचा हिशेब बिघडतो. गर्भारपणी ही गोळी बाळालाही अपाय करू शकते. गाय किंवा डुक्कर यांच्या ऊतींची झडप ही कटकट बरीच कमी करते, पण तरुण वयात लवकर झिजते, पुन्हा शस्त्रक्रिया ओढवते. म्हणून मूल हवं असलेल्या बाईने कोणती झडप घ्यायची हे ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, नवरा-सासूसकट आधी बसून ठरवायला हवं. तपासणीची प्रयोगशाळा गावापासून किती लांब, हेही त्या बैठकीत विचारलं पाहिजे.

या उपचारांसाठी गाठायचं नागपूर पोंभुर्ण्याहून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. पैशांची अडचण थोडी हलकी झाली आहे: आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत शेजारचं गडचिरोली होतं. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र घरचेच सोसतात.

फुगा झाला तरी तरुण रुग्णाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते, तीही वर्षानुवर्षं, संधिवाताचा ताप उलटू नये म्हणून. औषध दुधासारखं दाट, बारीक सुईत अडकतं, टोचल्यावर कंबर दुखते. रोवणीच्या दिवसांत तीच तारीख सगळ्यांत आधी चुकते.