अर्धवट सोडलेलं ऑपरेशन

बँकेत एक शिस्त असते. दिवसाचा हिशेब जुळल्याखेरीज घरी जायचं नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी रात्री नऊपर्यंत लेजरं चाळत बसायचं. ही सवय हाडीमाशी मुरलेली, म्हणूनच असेल, १९९७ साली एका रात्री मी एका सर्जनवर भडकलो.

आमच्या शाखेतला तरुण कॅशियर स्कूटरवरून घरी जाताना ट्रकच्या धडकेत सापडला. पोटावर खरचटल्यापलीकडे काही दिसत नव्हतं. पण तो पांढराफटक पडला होता, रक्तदाब घसरत होता. आत यकृत फाटलं होतं. वडील गावाहून यायचे होते, म्हणून कागदावर सही मी केली. तासाभरात डॉक्टर बाहेर आले.

"यकृताभोवती गॉजच्या घड्या दाबून बसवल्यात. आज एवढंच. परवा पुन्हा पोट उघडू."

"म्हणजे ऑपरेशन अर्धवटच सोडलंत?"

"हो, मॅनेजरसाहेब. आज पुरं करायला गेलो तर तो टेबलावरच जाईल."

मला ती पळवाट वाटली. त्याच रात्री बँकेच्या लेटरहेडवर मी इस्पितळाच्या प्रमुखांकडे तक्रार केली.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी हा विषय वाचायला घेतला, तेव्हा डोळे उघडले. यकृत म्हणजे सुमारे दीड किलोचा, मऊ आणि ठिसूळ अवयव. त्यातून दर मिनिटाला दीडेक लिटर रक्त वाहतं. टाका घालायला जावं, तर दोरा लोण्यातून जावा तसा आरपार जातो. १९०८ साली ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी एक युक्ती मांडली. यकृताला रक्त पुरवणारी धमनी आणि आतड्यांकडून येणारी मोठी शीर पित्तनलिकेसोबत एकाच पदरातून जातात. तो पदर चिमटीत धरायचा, की काही मिनिटांपुरता नळ बंद! प्रिंगल यांचे आरंभीचे रुग्ण वाचले नाहीत. युक्ती मात्र आजही त्यांच्या नावाने चालते.

गॉज दाबून बसवणंही जुनंच. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून जंतुसंसर्गाच्या धास्तीने ते मागे पडलं. तासन्‌तास चालणाऱ्या ऑपरेशनांत फाटलेला भाग कापून काढला जाई, आणि रुग्ण दगावे. कारण रक्त गेलं की शरीर थंड पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं, मग रक्त गोठेनासं होतं आणि आणखी वाहतं. हे चक्र टाक्यांनी तुटत नाही. त्याला ऊब हवी, बाहेरून रक्त हवं आणि वेळ हवा. म्हणून १९८०च्या दशकात गॉज परतला. १९९३ साली फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी या पद्धतीला नौदलातला शब्द दिला, 'डॅमेज कंट्रोल'. जहाजाला भोक पडलं की आधी ते कसंबसं बुजवून बंदर गाठायचं. पक्की डागडुजी मागाहून.

आज तर रक्तदाब स्थिर असेल, तर बहुतेकांचं पोट उघडतच नाहीत. सीटी स्कॅन करून अतिदक्षता विभागात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. गरज पडलीच, तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवून रक्त सांडणारी फांदी आतूनच बंद करतात. यकृत आपणहून भरून येतं. मात्र रक्तदाब सावरत नसेल, तर पोट उघडायला क्षणाचाही विलंब चालत नाही. केव्हा हात घालायचा आणि केव्हा आवरायचा, हे ओळखणं हीच खरी विद्या. बाहेर बाकावर बसलेल्या आपल्याला ती दिसत नाही. आपल्याला दिसतो तो फक्त 'काहीच न करणारा' डॉक्टर.

आमच्या कॅशियरचा गॉज तिसऱ्या दिवशी काढला. रक्त थांबलं होतं. तीन महिन्यांनी तो काउंटरवर बसून नोटा मोजत होता. पेढे वाटले गेले, शाखेत मीही खाल्ले. ती तक्रार मात्र मी मागे घेतली नाही. डॉक्टरांना तिचं लेखी उत्तर द्यावं लागलं, हे फार उशिरा कानावर आलं. चूक कळली तेव्हा ते हयात नव्हते.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे हिशेब जुळवले. ही एक नोंद राहिली आहे, आणि ती आता जुळायची नाही.