कोल्हापुरात पहिल्यांदाच जेवताय?
तिखट शास्त्राच्या हिशेबी चवीत मोडतच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.

कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊन पोट भरेल, आग विझणार नाही. दूध किंवा दही घ्या; त्यातलं केसीन कॅप्सेसिनला धरून ठेवतं.

नवख्याने सुरुवात नारळाच्या दुधातल्या पांढऱ्या रश्श्याने करावी. तांबडा नंतर, घोटघोट. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत मागवा; त्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसत्या लाल रंगाला मात्र घाबरू नका: ब्याडगी मिरची रंगाला गडद, तिखटाला सौम्य. बारकुड्या लवंगीपासून जपा.