सपाट छपरावरचे मास्टिक अस्फाल्ट

मास्टिक अस्फाल्ट हे चुनखडीची पूड, बारीक खडी आणि बिटुमेन यांचे मिश्रण आहे. रस्त्यावरचे नेहमीचे डांबरीकरण रोलरने दाबावे लागते आणि तरीही त्यात बारीक पोकळ्या राहतात. मास्टिकमध्ये मात्र खडीमधल्या सगळ्या फटी भरूनही थोडे उरेल इतके बिटुमेन असते. त्यामुळे ते तापवून ओतता येते, हाताने पसरता येते आणि निवल्यावर दाबाविनाच जलाभेद्य होते.

बिटुमेनने पाणी अडवण्याची विद्या जुनी आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातही त्याचा थर सापडला. आधुनिक उद्योगाचे मूळ स्वित्झर्लंडमधल्या व्हाल द त्राव्हेर खोऱ्यात आहे. तिथल्या बिटुमेनयुक्त चुनखडकावर एरिनी द’एरिनिस या ग्रीक वैद्याने 1721 मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. तिथली खाण 1986 पर्यंत चालू होती.

सपाट छपरांसाठी ही पद्धत ब्रिटनमध्ये विशेष रुजली. मिश्रण 230 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता वितळवतात, बादल्यांतून छपरावर नेतात आणि कारागीर गुडघ्यांवर बसून लाकडी थापीने पसरवतात. दोन थर मिळून जाडी 20 मिलिमीटर भरते. वरच्या थराचा जोड खालच्या जोडावर येऊ देत नाहीत. सर्वांत खाली फेल्ट अंथरलेले असते आणि ते वगळणे महागात पडते: स्लॅब उन्हाने प्रसरण पावतो, थंडीत आकसतो, आणि मधे फेल्ट नसेल तर आपल्याबरोबर अस्फाल्टलाही ओढून तडकवतो. शेवटी, थर गरम असतानाच त्यावर वाळू घासतात. पसरवताना बिटुमेनची साय वर येते; ती मोडली नाही तर उन्हात पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे पडते. हे किरकोळ वाटणारे काम कारागिराची खरी परीक्षा घेते.

मोकळ्या पृष्ठभागातून गळती क्वचितच होते. दोष निघतात ते कडांना. म्हणून कठड्याच्या कोपऱ्यात वाटा करून थर भिंतीवर किमान 150 मिलिमीटर चढवतात आणि त्याची वरची कड भिंतीतल्या खाचेत बसवतात. ओल्या स्लॅबवर काम केले तर अडकलेल्या वाफेने फुगे येतात. काळा पृष्ठभाग फार तापू नये म्हणून त्यावर परावर्तक रंग लावतात किंवा पांढरी खडी पसरतात.

भारतात या कामासाठी आयएस 3037 आणि आयएस 4365 ही मानके आहेत. तरी मुंबईकरांना मास्टिक माहीत आहे ते मुख्यतः रस्ते आणि उड्डाणपुलांवरचे. गच्चीवर वीटतुकड्यांचा कोबा आणि चायना मोझॅक यांचीच चाल आहे. 20 मिलिमीटर मास्टिकचे वजन दर चौरस मीटरला 50 किलोच्या आसपास असते, तर कोब्याच्या जाड थराचा भार त्याच्या कितीतरी पट असतो. जुन्या, थकलेल्या स्लॅबवर नवा कोबा चढवण्याआधी मास्टिकचा विचार जरूर करावा. मात्र त्यासाठी स्लॅब कोरडा हवा, उतार नीट हवा आणि काम जाणत्या हातांकडेच सोपवायला हवे.