उणे चाळीसची रेघ

वसंतात न्यू जर्सीतल्या कुठल्याही नर्सरीत जा, प्रत्येक कुंडीत प्लॅस्टिकची एक चिठ्ठी खोचलेली दिसेल. झाडाचं नाव, फुलाचा फोटो, ऊन किती हवं ते, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘झोन ५ ते ८’. तिथल्या मराठी घरांना हा आकडा चांगलाच ठाऊक असतो. एडिसन सातव्या झोनमध्ये येतं आणि कढीपत्ता नवव्याच्या खाली बाहेर तग धरत नाही, म्हणून थंडी पडायच्या आत त्याची कुंडी घरात येते. पण हा सात म्हणजे नेमका काय? पाऊस? समुद्रसपाटीपासूनची उंची? उन्हाळा किती कडक असतो ते?

यातलं काहीच नाही. सात म्हणजे फक्त एका रात्रीची थंडी!

अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा नकाशा काढायची रीत मोठी अजब आहे. एखाद्या गावात वर्षभरात पारा सर्वांत खाली किती उतरला, तो एकच आकडा उचलायचा. बाकीच्या वर्षाशी कर्तव्य नाही. मग अशा तीस वर्षांच्या तीस नीचांकांची सरासरी काढायची. एखाद्या मुलाचे सगळे विषय सोडून, ज्यात तो सर्वांत कमी पडला तेवढ्याच विषयावर त्याला शाळेत प्रवेश द्यावा, तसाच हा हिशेब. आलेली सरासरी दहा-दहा अंश फॅरनहाइटच्या तेरा पट्ट्यांत बसवायची, की झाला झोन. पहिल्या झोनची खालची हद्द उणे ५१ अंश सेल्सियस. सातव्यात पारा उणे १८ ते उणे १२ पर्यंत जातो. तेराव्यात वर्षाची सर्वांत थंड रात्रसुद्धा १५-१६ अंशांच्या खाली जात नाही.

ही कल्पना आल्फ्रेड रेडर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२७ साली हार्वर्डच्या आर्नल्ड आर्बोरेटममध्ये काम करताना मांडली. त्याचे झोन आठच होते. पुढे त्याच संस्थेचा नवा नकाशा आला, १९६० मध्ये कृषी खात्याने स्वतःचा काढला, आणि दोन्हींचे आकडे जुळेनात. बागवाल्यांना कित्येक वर्षं आधी विचारावं लागे, की हा पाच कोणाचा पाच?

पण एका रात्रीवरून झाडाचं भवितव्य ठरतंच कसं? उत्तर पेशीत आहे. कडक थंडीत झाडाला मारतो तो बहुतेकदा बर्फ. आणि तो पेशीच्या आत झाला, तर हमखास. मग थंड प्रदेशातली झाडं काय करतात? शरद ऋतूत दिवस आखूड होऊ लागले की ती तयारीला लागतात. पेशींत साखर साठते, पेशींची पटलं गोठूनही फाटणार नाहीत अशी बदलतात. मग पारा शून्याखाली गेला, की पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि दोन पेशींच्या मधल्या फटीत गोठतं. म्हणजे जानेवारीत ते झाड खरोखरच बर्फाने भरलेलं असतं, फक्त तो बर्फ पेशींच्या बाहेर असतो.

याहून थक्क करणारी युक्ती रेड ओक आणि हिकरीच्या लाकडात सापडते. तिथल्या काही जिवंत पेशींच्या भिंती इतक्या कडक, की पाणी बाहेर पडतच नाही. मग ते गोठत कसं नाही? पाण्याला गोठायला सुरुवात करून देणारा एखादा कण लागतो. तो मिळालाच नाही, तर अगदी बारीक थेंब शून्याच्या कितीतरी खाली द्रव राहू शकतो. या पेशींतलं पाणी उणे वीसला द्रव, उणे तीसलाही द्रव! पण याला शेवट आहे. उणे चाळीसच्या आसपास कणाची गरजच उरत नाही, पाणी आपोआप गोठतं आणि पेशी मरतात.

आता नकाशा पुन्हा पाहा. दुसरा आणि तिसरा झोन जिथे एकमेकांना भिडतात, ती रेघ उणे ४० फॅरनहाइटची आहे. सेल्सियसमध्येही उणे चाळीसच, कारण दोन्ही मापं नेमकी याच एका आकड्यावर एकत्र येतात. आणि अशा बऱ्याच वृक्षांची उत्तरेकडची नैसर्गिक हद्द याच रेघेजवळ संपते, असं १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. नकाशा काढणाऱ्यांनी दहा-दहाचे कप्पे सोयीसाठी पाडले होते. त्यांतली एक रेघ पाण्याच्या स्वभावाने आधीच आखून ठेवलेली निघाली.

तिच्या पलीकडे कोण जगतं? विलो, बर्च, पॉप्लर. त्यांचं पाणी पेशींबाहेर जाऊनच गोठतं, त्यामुळे त्यांना ही हद्द लागू नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी विलोच्या फांद्या आधी सावकाश गोठवल्या आणि मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, बुडवल्या. त्या जगल्या!

म्हणून चिठ्ठीवरच्या ‘५ ते ८’मधला लहान आकडा विश्वासाने घ्यावा. मोठ्या आकड्याशी मात्र जरा जपून. सिॲटल आणि ऑस्टिन दोन्ही नवव्या झोनमध्ये आहेत, कारण त्यांची सर्वांत थंड रात्र सारखी. उन्हाळा? ऑस्टिन भाजून निघतं, सिॲटल सौम्य असतं. सिॲटलचं रोप ऑस्टिनमध्ये जुलैत होरपळलं, तर त्यात नकाशाचा दोष नाही, कारण जुलैचं त्याला कोणी विचारलेलंच नाही. ही उणीव भरायला १९९७ मध्ये उष्णतेचा वेगळा नकाशा निघाला. त्यात पारा तीस अंशांच्या वर जातो असे दिवस मोजतात.

२०२३ मध्ये थंडीचा नकाशा नव्याने निघाला आणि जवळजवळ निम्मा देश अर्ध्या झोनने उबदार ठरला. म्हणजे आता बिनधास्त दक्षिणेची झाडं लावावीत? २००७ साली पूर्व अमेरिकेत मार्च इतका उबदार गेला, की झाडांनी घाईने पालवी काढली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पारा शून्याखाली पाच-सहा अंश घसरला. त्या झाडांच्या जानेवारीच्या ताकदीपुढे ही थंडी किरकोळ. पण थंडी पचवायची शरदातली तयारी त्यांनी केव्हाच मोडीत काढली होती. टेनेसीतली रानंच्या रानं काळी पडली, फळबागा गेल्या. मग काही आठवड्यांनी पुष्कळशा झाडांनी निजलेले राखीव डोळे जागे केले आणि त्याच वर्षी दुसऱ्यांदा पालवी काढली.