कोयता, यंत्र आणि बदलाची किंमत

दसऱ्यानंतर येरमाळ्याच्या परिसरातून ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात आणि येडेश्वरीच्या चैत्री यात्रेच्या सुमारास परततात. फडात हार्वेस्टर आल्यापासून मी एक शेरा वारंवार ऐकतो : ‘ही माणसे बदलायलाच तयार नसतात.’ हा शेरा तपासला पाहिजे. माझ्या मते कामगार बदल पचवतो की नाही, हे त्याच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेवर ठरते.

फडाची रचना पाहा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. ती तोडलेल्या टनांवर फिटते. एक दिवस बुडाला की खाडा, मग आजारपण का असेना. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. तोडणाऱ्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. मग यंत्र येताना त्याला विचारायचे कोणी, शिकवायचे कोणी? हार्वेस्टर रुंद सरीच्या, सलग मोठ्या रानात चालतो. लहान, ओल्या, अडचणीच्या रानातला ऊस कोयत्याच्या वाट्याला येतो. टन घटतात, उचल मात्र तेवढीच राहते. वाढे विकून येणारे चार पैसेही जातात. असा माणूस यंत्राकडे संशयाने पाहतो, तो अडाणी नव्हे, हिशेबी आहे. आणि जिचे श्रम अर्ध्या कोयत्यात मोजले जातात, त्या बाईला यंत्राच्या चालकाच्या जागी बसवावे, असे बोललेले मी अजून ऐकलेले नाही.

शिकण्याची वाट बंद ठेवायची आणि मग मागासलेपणाचा ठपका ठेवायचा, हे जुनेच आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव होता. 1928 च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणीही घ्यावी, असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. दोनाऐवजी तीन माग चालवण्याच्या सक्तीतला अन्याय सवर्ण विणकराला दिसत होता; शेजारच्या कामगाराला मागच मिळत नाही, हे दिसत नव्हते.

आज ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्याच्यापुढे मागण्या नेताना आपल्या हाती माहिती हवी. यंत्राचा चालक कोणत्या जातीचा, यंत्र आल्यावर कोणाच्या उचलीची किती बाकी उरली, पुढच्या हंगामाला ती कशी ओढली गेली, हे फडावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. मुकादमाच्या वहीतून घ्यावे आणि बायकांच्या तोंडूनही घ्यावे. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत.