सनईची धाकटी बहीण

लग्नघरी सनई हवीच, असं आपण सगळ्याच म्हणतो. पण मैत्रिणींनो, मांडवात बसून ती वाजवणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? आमच्या जालना जिल्ह्यात आता बहुतेक लग्नांत सनई मोबाईलवरून स्पीकरवर लागते आणि वरातीला डीजे! मला मात्र गेली दोन-तीन वर्षं या जुन्या, छोट्या फुंकवाद्यांचा नाद लागलाय. लग्नाला जावं, जत्रेला जावं, की जुन्या माणसांजवळ बसून विचारायचं, "पूर्वी तुमच्याकडे काय काय वाजायचं हो?"

नावं भराभर निघतात. अलगूज, पावा, पिपाणी, सूर... अलगूज ही गुराख्यांची बासरी. ती आडवी नाही, उभी धरायची. तोंडाशी बूच असतं, म्हणून नवख्यानं फुंकली तरी स्वर निघतो. 'सूर' दिसतो सनईसारखाच, पण त्याचं काम एकच स्वर अखंड धरून ठेवण्याचं. नाकानं श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा सोडत राहायची. सनईवाला त्या स्वराच्या आधारानं राग खुलवतो. स्वयंपाकात मिठाचं असतं ना, तसंच हे. असलं की लक्षात येत नाही, नसलं की सगळंच फिकं!

या वाद्यांचा माग काढता काढता मी थेट देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला पोचले. तेराव्या शतकात तिथे यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात फुंकवाद्यांमध्ये पाव, पाविका, मुरली, मधुकरी अशी नावं आहेत. बासरीचे प्रकार तर त्यानं चक्क बोटांच्या मापानं सांगितलेत. फुंकायच्या भोकापासून पुढचं भोक एक बोट अंतरावर असेल तर 'एकवीर', दोन बोटं तर 'उमापती', तीन बोटं तर 'त्रिपुरुष'. एवढा बारीक विचार आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सातशे-आठशे वर्षांपूर्वी झाला होता!

या सगळ्यांत माझी लाडकी मात्र सोलापूरची 'सुंदरी'. सनईची जणू धाकटी बहीण. सनई साधारण दीड फुटाची, तर सुंदरी फूटभर. नळी आखूड तेवढा स्वर उंच, म्हणून सुंदरीचा आवाज कोवळा आणि टोकदार. तोंडात धरायची पत्ती इवलीशी. ओठांचा दाब जरा चुकला की स्वर घसरतो. सोलापूरच्या जाधव घराण्यानं पिढ्यान् पिढ्या ती जपली. बाबूराव जाधवांचं वादन ऐकून अक्कलकोटच्या राजांनी वाद्याला हे नाव दिलं, असं सांगतात. पुढे सिद्राम जाधवांनी आणि नंतर भीमण्णा जाधवांनी मैफलीत बसून तिच्यावर राग वाजवले. दारातलं वाद्य मंचावर आलं.

हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. अंबड तालुक्यातल्या एका वाजंत्री घरी गेले होते. आजींनी पेटीतून धडक्यात गुंडाळलेली सनई काढून दाखवली. मालक गेल्यापासून ती कुणी वाजवली नव्हती. मी म्हटलं, "मुलांनी नाही शिकली?" त्या म्हणाल्या, "ताई, वाजवणाऱ्याला मांडवाच्या दारात बसवायचे, अन् ताट शेवटच्या पंगतीला. ते बघूनच पोरं मोठी झाली. कशाला शिकतील?"

मला काही बोलता आलं नाही. आपण म्हणतो, बँड आला, कॅसेट आली, डीजे आला, म्हणून सनई गेली. ते खरंच आहे. पण मंगल सूर हवा आणि तो काढणारा माणूस मात्र दाराबाहेर, हेही तितकंच खरं.

आणि बायका? फुंकवाद्य म्हणजे पुरुषांचं काम, हे ठरूनच गेलेलं. पण बागेश्वरी कमर यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांकडे सनई शिकून मैफली केल्या. आजींना हे सांगितलं तर त्या नातीकडे बघून हसल्या. नात मोबाईल बाजूला ठेवून सनईची भोकं मोजत होती.

मैत्रिणींनो, घरात कार्य निघालं की आपण हॉल, केटरर, मेंदीवाली सगळं ठरवतो. त्या यादीत गावातल्या सनईवाल्याचं नाव घालून बघा. त्याचं मानधन आधी ठरवा, त्याला मांडवात बसायला चांगली जागा द्या आणि ताट पहिल्या पंगतीला वाढा. त्याच्या पोरांनाही ते दिसू द्या.